चोवीस तारखेला घरी आहात ना?

प्रिय आई,

देवासहून तुझ्या एस्तेरचा नाताळचा सलाम.

मी बरी आहे, दवाखान्यातलं कामही ठीक चाललंय. पप्पांचा खोकला कमी झाला का?

इथे नाताळ म्हणजे नुसता सेल झालाय. 'मेरी ख्रिसमस' म्हणणारा जो तो काहीतरी विकायलाच येतो. म्हणून शेजारच्या उमाशंकर भियांनी (इकडे भाऊला 'भिया' म्हणतात), "सिस्टर, चोवीसला शाम को घरी आहात ना?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला संशयच आला. विमा असेल, नाहीतर कसली तरी स्कीम. मी "ड्युटी आहे" असं खोटंच सांगून टाकलं.

चोवीसला अंधार पडता पडता दार वाजलं. भिया त्यांच्या म्हाताऱ्या आईला धरून उभे होते. या आजींच्याच पायाची जखम मी पावसाळ्यात रोज बांधायचे.

"काय काम होतं?" मी दारातच विचारलं.

"काम कसलं?" आजी म्हणाल्या. "सणाला तू एकटी, म्हणून दवाखान्यात भेटायला गेलो. तिथे कळलं, तुला तर आज छुट्टी आहे."

मला वर बघवेना. आजींनी आत येऊन मला आपलं मराठी नाताळगीत म्हणायला लावलं आणि टाळ्यांचा ठेका धरला. खोटं का बोललीस, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

आई, मी अशी कधीपासून झाले गं?

तुझी,
एस्तेर