पिशवी भरेपर्यंत

४ फेब्रुवारी

तुकडे केले. तीन जणांच्या जुन्या सोफ्याचे. कारखान्याचे मालक म्हणाले होते, नुसतं कापड उतरव, सांगाडा पुन्हा वापरू. मी सांगाडाही ठेवला नाही. उजव्या हाताने ओढलं, फाडलं, पटाशीने उचकटलं — एक स्प्रिंग उडून खिळ्याच्या कानाजवळून गेली. खिळ्या आमचा सगळ्यात जुना कारागीर, दिवसभर तोंडात खिळे धरून काम करतो. त्याने ते हातावर काढले. म्हणजे गंभीर बोलायचं होतं.

"ताई, सोफ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

काय सांगू? सकाळी भरणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. कापणारे डॉक्टर वेगळे. त्यांनी गेल्या वर्षी डावा स्तन काढला. या दुसऱ्यांनी तिथे कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली आहे. दर फेरीला सुईने तिच्यात मिठाचं पाणी भरतात. कातडी ताणली गेली की ही काढायची आणि कायमची घालायची. "थोडंच राहिलंय. मग तुम्ही मोकळ्या," डॉक्टर हसून म्हणाले.

मोकळी! त्यांच्या त्या हसण्यावर पटाशी फेकून मारावीशी वाटली. सोफा सापडला.

६ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

कॅन्सरचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून नवऱ्याने माझ्यावर हात उगारलेला नाही. त्याआधी? त्याआधी दोन दात, एक बरगडी, आणि कानात अजून राहिलेली शिट्टी. आजारपणात मात्र त्याने माझ्या उलट्या काढल्या, जखमेच्या नळीची बाटली रिकामी केली, डोक्यावरचे शेवटचे केस स्वतः उतरवले, तेही इतक्या हळुवार की मला रडू आलं. शेजारीण म्हणते, "नशीब काढलंस बाई." तिच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

तो मारायला लागला की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. "माझ्या घरात तमाशा नको," एवढंच बोलायच्या. घर त्यांचंच आहे. रिपोर्ट आल्यापासून टीव्ही हळू आहे.

आजारी बाईला मारायचं नाही, एवढी लाज त्याला आहे. बऱ्या झालेल्या बाईचं काय, ते मला माहीत आहे. म्हणजे पिशवी भरेपर्यंत मी सुखरूप.

तोंडावर अहो म्हणते. इथे तोच!

१३ फेब्रुवारी

आज डॉक्टरांना माझ्या धंद्यातली अक्कल शिकवली. म्हटलं, नवं चामडं एकदम ताणून ठोकलं तर कोपऱ्यात फाटतं. जरा ताणायचं, बसू द्यायचं, मग पुन्हा ताणायचं. माझी कातडीही तशीच धरा. कमी भरा, फेऱ्या वाढवा. डॉक्टरांना फार गंमत वाटली. "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

चामड्याबद्दल खोटं बोलले नाही. बाकी सगळं खोटं.

२० फेब्रुवारी

कमी भरूनही छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसलंय. भिंतीला लाथ घातली. अंगठा सुजला. भिंत मजेत.

२७ फेब्रुवारी

आज कारखान्यात हसण्याचा स्फोट झाला. पिशवीच्या तोंडाशी लोहचुंबक असतो, सुई कुठे टोचायची ते डॉक्टरांना सापडावं म्हणून. मी सीटवर वाकून ठोकत होते आणि एक बारीक खिळा उडून ब्लाउजला चिकटला. पडेना! खिळ्या डोळे फाडून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, आता मला तोंडात धरायची गरज नाही." मी हसता हसता टाके धरून खाली बसले. किती दिवसांनी कुणी माझ्या छातीकडे बघून कीव केली नाही.

६ मार्च

सगळं फिसकटलं. आज नवरा बरोबर आला. त्याने विचारलं, किती दिवस चालणार हे? डॉक्टर सहज बोलून गेले, "एव्हाना संपलं असतं, यांनीच हळू घ्यायला लावलं."

 घरी आल्यावर त्याने माझ्या हातातली थैली घेतली, घडी केली, खुंटीला लावली. मग कानाशी वाकून म्हणाला, "नाटकं करतेस? बरी हो एकदा. मग बघतो तुझ्याकडे."

 त्याचा राग आला त्याहून स्वतःच्या भिण्याचा आला. कारखान्यातला चामडं कापायचा कटर घरी आणला आहे. पातं नवं घातलं.

९ मार्च

भाजी चिरताना सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. "एवढी बारीक नको," म्हणाल्या. खाली बघितलं तर भोपळ्याचा चिखल झाला होता.

१४ मार्च

मारलं.

कारण? शर्टाचं बटण. भर दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. पहिली थोबाडीत. दुसरी मूठ डाव्या छातीवर. मुद्दाम तिथेच, बघून, नेम धरून. मी टेबलाच्या कडेवर आपटले, तीही डावीकडूनच. आत काहीतरी फटकन गेलं. तो म्हणाला, "आता सांग तुझ्या डॉक्टरला, हळू भर म्हणून."

पुढचं मला नीट आठवतं. कटर हातात होता. पातं त्याच्या गळ्यापासून वीतभर. माझा हात थरथरत नव्हता. चामड्यावर कधी थरथरत नाही. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, तेही दिसत होतं. मला ते करायचं होतं. नाही म्हणणार नाही, करायचंच होतं. तो मागे मागे सरकत दारापर्यंत गेला आणि अनवाणी जिना उतरला.

मग लक्षात आलं, घरात काहीच आवाज नाही. सासूबाईंनी आज टीव्ही वाढवला नव्हता. बंद करून त्या तशाच बसल्या होत्या, रिमोट मांडीवर धरून.

१६ मार्च

छाती खाली बसली. पिशवी फुटली, पाणी अंगात जिरलं. त्या पाण्याने अपाय होत नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वरून कातडी सैल, सुरकुतलेली, फोम काढून घेतलेल्या उशीसारखी.

नवरा सफरचंदं घेऊन परत आला. रडला. पायांवर डोकं ठेवलं. आणि डोकं तिथेच ठेवून म्हणाला, "बाथरूममध्ये पडले म्हणून सांग." ती सफरचंदं एकेक करून त्याच्या टाळक्यात घालायला हवी होती. मी "बरं" म्हटलं.

१७ मार्च

"पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

नर्सने बरगडीवरचा निळा डाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि चादर हळूच वर ओढली. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, नवी पिशवी घालू. पुन्हा पहिल्यापासून भरायला लागेल, सहा महिने धरा.

सहा महिने. मला आनंद झाला! शरीर पुन्हा फाडून घ्यायचं, सुया टोचून घ्यायच्या, गुडघा छातीवर घेऊन झोपायचं, आणि मला आनंद झाला, कारण पुन्हा खरीच आजारी म्हटल्यावर तेवढे दिवस तो मारणार नाही. घरी येऊन बाथरूमचा आरसा फोडला. त्यातली बाई मला सहन झाली नाही.

१९ मार्च

डॉक्टरांना सांगून आले. नवी पिशवी नको. फुटलेली काढा आणि सपाट शिवा, शिवण सरळ घाला. आणि मी पडले नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग उचललं आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं. पोलिसात द्यायला एक प्रत मलाही दिली.

सासूबाई न विचारता बरोबर आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांनाही दोन्ही गोष्टी सांगितल्या.  त्या म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे. ठाऊक आहे ना तुला?"

संपलं, मी मनात म्हटलं. आता कपडे भरायचे.

येताना त्यांनी कुलूपवाल्याच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली. आमच्या दाराला नवं कुलूप हवं, मजला कुठला, ते त्यांनीच सांगितलं. कुलूपवाल्याने विचारलं, किल्ल्या किती?

"दोनच."