तीन लेकरं, दोन बाळंतपणं

२४ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं! मी उभी राहते. ग्रामपंचायत, वॉर्ड क्रमांक तीन, महिलांची जागा.

ऑगस्टच्या ग्रामसभेत मी फक्त आमच्या गल्लीतल्या नळाचं विचारलं होतं – दोन वर्षं झाली पाइप टाकून, पाणी का नाही? सदाशिवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बसा खाली. तुमच्या माणसाले पाठवा, त्याले सांगतो." वीस वर्षं वॉर्डाचे सदस्य तेच. आता जागा बायकांना गेली तर सुनेला, दिपालीला, उभी करून राहिलेत. म्हणजे पुन्हा तेच.

नवरा, मुकेश, कापसाच्या जिनिंगवरून आला, जेवायला बसला, तेव्हा सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "वर्षाली, तुले तीन लेकरं आहेत. दोनाच्या वर चालत नाई."

खरंच की. आधी नंदिनी, मग जुळे – पियुष आणि ऋतिक. तीन!

सकाळी ठरलं आणि रात्रीच्या जेवणातच मोडलं.

२५ नोव्हेंबर

शिलाईच्या कामासाठी अस्तराचं कापड आणायला समुद्रपूरला गेले. रुपेशच्या ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी. त्याच्या टेबलावर उमेदवारांसाठीची माहितीपुस्तिका पडलेली. म्हटलं, बघू तर द्या.

उभ्याउभ्याच वाचली. एकवीस वर्षं पूर्ण – आहेत. मतदार यादीत नाव – आहे. पंचायतीची थकबाकी नको, ठेका नको, सरकारी जागेवर अतिक्रमण नको, घरी शौचालय हवं. सगळं बसतं. मग अपत्यांचं कलम. त्याच्याखाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण – एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती मिळून एकच धरायची.

तीनदा वाचलं. रुपेशला वाचायला लावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, हे तर कोणी सांगतच नाई!"

माझी जुळी पोरं कायद्यानं एक आहेत! बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

२६ नोव्हेंबर

ग्रामसेवकांकडून थकबाकी नसल्याचा दाखला. शौचालयाचा दाखलाही. ते म्हणाले, "पण तुमाले तर तीन…" मी पुस्तिका पुढे केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

२८ नोव्हेंबर, सोमवार

बँकेत नवीन खातं उघडलं, निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळंच लागतं. घरी येऊन पोरांचे जन्मदाखले काढले आणि तारखा वाचल्या.

पियुष – १७ जून. ऋतिक – १८ जून.

विसरलेच होते! एक बाराच्या आधी, एक बाराच्या नंतर. कागदावर दोन तारखा. कोणीही म्हणेल, दोन बाळंतपणं.

मुकेशनं दोन्ही दाखले शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो. वर्ध्याले जाऊ. दवाखान्यात काही तर लिहून असंल."

मी दाखले पिशवीत भरून ठेवले.

२९ नोव्हेंबर

वर्धा. रेकॉर्डच्या खोलीतल्या बाई आधी म्हणाल्या, इतकं जुनं मिळत नाही. मी म्हटलं, मी बसते. दोन तास बसले. शेवटी त्यांनीच फाइल आणून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "काऊन पाहिजे एवढं?" सांगितलं. त्या हसल्या आणि शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

एक भरती, एक प्रसूती, जुळी मुलं. रात्री ११.४८ आणि १२.१०. बावीस मिनिटं!

१ डिसेंबर, गुरुवार

अर्ज भरला! रुपेशनं ऑनलाइन भरून प्रिंट काढली, तहसीलला जाऊन दिली. पोच मिळाली.

सूचक म्हणून कोणाची सही घ्यायची, हा प्रश्नच होता. वॉर्डातलं कोणी सदाशिवरावांच्या विरोधात जायला तयार नाही. मामंजी – नत्थूजी – रोज संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसतात, म्हणून त्यांना विचारलंच नव्हतं. सकाळी तेच धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. "चाल. सही मी करतो. ओट्याचं पाहू मंग."

२ डिसेंबर

मामंजी आज ओट्यावर गेले नाहीत.

५ डिसेंबर, सोमवार

छाननी. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तहसीलचा हॉल भरलेला. माझं नाव पुकारलं आणि सदाशिवराव उठले. "हरकत आहे. या बाईले तीन लेकरं आहेत. गाव साक्ष आहे." मागे लोक हसले. दिपाली त्यांच्या बाजूला पदर सावरून बसलेली. निवडणूक अधिकारी साहेबांनी तिला काही विचारलं की उत्तर सदाशिवरावच देत.

मी कलम वाचून दाखवलं.

सदाशिवरावांची तयारी होती! त्यांनी दाखल्यांच्या नकला काढल्या. "जुळे कायचे साहेब? एक सतरा तारखेचा, एक अठराचा! दोन दिवस, दोन बाळंतपणं!"

मी दवाखान्याचा कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "साहेब, बावीस मिनिटांत दोन बाळंतपणं होत असतील, तर यांनी एकदा करून दाखवावं."

अख्खा हॉल! दारातली पोलीस बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होती. साहेब नाही हसले. कागद पूर्ण वाचला, तारीख बोटानं धरून दाखल्यांशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "हरकत फेटाळली. अर्ज वैध."

वैध! इतका सुंदर शब्द मी आयुष्यात ऐकला नाही.

मुकेशनं तहसीलच्या फाटकाबाहेर सगळ्यांना चहा पाजला. ओळख नसलेल्यांनाही.

७ डिसेंबर

चिन्ह मिळालं – शिलाई मशीन! मी मागितलं आणि मिळालं. दिपालीला कपबशी.

१४ डिसेंबर

घरोघरी फिरते आहे. बाया नळाचं कमी आणि बावीस मिनिटांचंच जास्त विचारतात. एक म्हातारी म्हणाली, "बाई, वाचून येजो पंचायतीत. न वाचता सह्या करणारे लय झाले."

१८ डिसेंबर, रविवार

मतदान झालं. बोटाला शाई.

२० डिसेंबर, मंगळवार

मी निवडून आले!

मी २१२, दिपाली २११. सदाशिवरावांनी फेरमोजणी मागितली. पुन्हा २१२, पुन्हा २११. एका मतानं! मुकेशनं मला सगळ्यांसमोर उचललं – लाजच नाही त्या माणसाला! मामंजींनी स्वतःच्या हातानं गुलाल लावला. जुळ्यांना सगळे विचारत होते, तुमी एक की दोन? ते ओरडत होते – एक!

२२ डिसेंबर

समुद्रपूरला जाताना एसटीत दिपाली शेजारी येऊन बसली. एकटीच, माहेरी पुलगावला निघालेली. तिकीट पर्समध्ये ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ताई, माह्या फॉर्मवर काय लिहून होतं ते मले कोणी वाचूच देल्लं नाई. सही कर म्हटलं, केली. तुमी मात्र तिथं उभं राहून सारं वाचलं."

मी पिशवी मांडीवर घेऊन तिच्याकडे वळले.

"मत मी तुमालेच देल्लं," ती म्हणाली.

समुद्रपूर आलं, गेलं. मी उतरलेच नाही.