पाच गाठींचं तांबं

२६ फेब्रुवारी

रत्नागिरी! संगमेश्वरहून एसटीनं आले, सोल्डरिंगची पेटी सगळा वेळ मांडीवर. स्टँडवर लिमयेकाका आणि त्यांची आर्या घ्यायला आले होते. आर्या सतरा वर्षांची आहे. तिनं पुठ्ठ्यावर ‘रेडिओ इंजिनियर शमिका’ असं लिहून आणलं होतं. मी इंजिनियर नाही, हे मी तिला रिक्षात बसल्याबसल्या सांगून टाकलं. ती म्हणाली, पुठ्ठा एवढाच होता, खरं मावलं नसतं.

लिमयेकाका जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेत. त्यांची छत्तीस फुटी शिडाची बोट, ‘भिंगरी’, भाट्याच्या खाडीकाठी एका यार्डात ओंडक्यांवर उभी आहे. पाडव्याला बापलेक तिच्यातून मालदीवला निघणार. तिच्यावर लांब पल्ल्याचा रेडिओ आणि एरियल बसवायचं काम खरं तर बाबांचं. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून मी.

दम्यामुळे मी दहाव्या वर्षापर्यंत शाळा पाहिली नाही. बाबांनीच दुकानात शिकवलं. इंग्रजी अक्षरं मी जुन्या रेडिओच्या तबकडीवरच्या शहरांच्या नावांवरून शिकले. त्यांचे दोनच नियम होते. हाकेला उत्तर दिल्याशिवाय संच बंद करायचा नाही. आणि जे लिहिलं नाही, ते ऐकलं नाही.

रात्री काकांच्या घरी उमाकाकूंनी घावन आणि नारळाचा रस वाढला. वाढता वाढता म्हणाल्या, “मी तुझ्या तारेच्या भरवशावर पोरीला पाठवत्ये हो.” पाचवं घावन मला गेलं नाही.

१ मार्च

डोलकाठीच्या शेंड्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत ताणलेली पोलादी तार हेच आपलं एरियल. ती वर एकदा आणि खाली एकदा कापून मध्ये चिनी मातीचे इन्सुलेटर बसवायचे, म्हणजे मधला तुकडा सगळ्यापासून सुटा होतो. तार कापताना डोलकाठी पडू नये म्हणून दोन जाड दोरांनी ती आधी मागे बांधून घेतली. तरी कापताना डोळे मिटले गेले.

यार्डातले म्हातारे सुतार धाकूबाबा खाली उभे राहून बघत होते. म्हणाले, शिडाची बोट आणि पोरगी मिस्त्री, यंदा शिमग्याआधीच सोंगं आली. मग स्वतःच शिडी धरून उभे राहिले, दोन तास.

४ मार्च

दुसरा इन्सुलेटरही बसला. तार वाजवून पाहिली, छान ताणलेली आहे.

धाकूबाबा शिमग्यासाठी गावी गेले. पालखी त्यांच्या घरी येते, ती नाचवून पौर्णिमेनंतर परततील. जाताना बजावून गेले की मागच्या शेडमधल्या जुन्या होड्यांच्या मोडीला हात लावायचा नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

७ मार्च

अडचण. रेडिओला एरियलइतकीच अर्थिंगची गरज असते. बोटीच्या तळाला बाहेरून तांब्याचा पत्रा लावायचा, तो पाण्यात राहतो. जितकं तांबं समुद्राला लागेल तितका आवाज लांब जातो. पार्सलमधून आलेला पत्रा तळहाताएवढा निघाला. दुसरा यायला तीन आठवडे. बोट पाण्यात जाणार पंधराला, पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला. तेवढ्याच पाण्यात ती उतरू शकते.

उमाकाकूंचं ते वाक्य सारखं आठवतं.

८ मार्च

मागच्या शेडमध्ये तांबं आहे. जुन्या लाकडी होडीच्या तळाचा पत्रा, हिरवा पडलेला पण जाड. गोणपाटात गुंडाळून काळ्या दोऱ्याच्या पाच गाठी मारून ठेवलाय. लिमयेकाकांना विचारलं. ते म्हणाले, धाकूच्या मोडीला धाकूशिवाय कोण विचारतंय, घे बिनधास्त, आल्यावर मी बोलतो त्याच्याशी.

गाठी सुटेनात. कापल्या. पत्र्याच्या जागी चिठ्ठी ठेवली: ‘पत्रा घेतला आहे, नवा आणून ठेवीन. शमिका.’ गाठींचं काकांना सांगितलं नाही. एवढं काय सांगायचं, असं वाटलं. पण मग इथे तरी का लिहिते आहे?

१५ मार्च

सकाळी अकराच्या भरतीला ‘भिंगरी’ पाण्यात, तळाला शेडमधलं तांबं ठोकून! नारळ फोडला, आर्यानं आरोळी ठोकली, काकूंनी डोळे पुसले. आता यार्डाच्या धक्क्याला बांधली आहे. तळाच्या वर जी लाल पट्टी रंगवली आहे, ती पाण्यापासून चार बोटं वर. वजन वाढलं की पट्टी खाली जाते, म्हणून रोज मोजून ठेवणार.

१६ मार्च

पहिली चाचणी. दुपारी साडेचार. (रेडिओच्या वहीत ‘साडेचार’ लिहिलं, घड्याळात चार बत्तीस होते.) संच लावला आणि लगेच हाक आली. स्पष्ट, जवळच बसल्यासारखी. कोण ऐकतंय, कोण ऐकतंय, असं एक पुरुष मराठीत विचारत होता. मी उत्तर दिलं. रेडिओवर विचारतात त्या तीन गोष्टी विचारल्या. बोट कुठली? तो म्हणाला, ‘महापुरुष प्रसाद’. जागा? त्यानं अक्षांश-रेखांश सांगितले. नकाशावर पाहिलं तर नैऋत्येला पावणेदोनशे मैल. माणसं किती? पाच.

मग त्यानं माझी जागा विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, येऊ काय? बंदरात येण्याबद्दल विचारतोय असं समजून मी म्हटलं, या.

इतक्या लांबून इतका स्वच्छ आवाज! बाबांना फोन केला. ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

१७ मार्च

चार बत्तीसला पुन्हा तीच होडी. जागा दीडशे मैलांवर. मागे इंजिनाचा आवाज नाही. वाऱ्याचाही नाही.

१८ मार्च

धाकूबाबा परतले. चिठ्ठी हातात घेऊन धक्क्यावर आले. त्यांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवली.

ते ओरडले नाहीत. ओंडक्यावर बसले आणि सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याची होडी वादळात उलटली. होडी मिळाली, ओढून याच यार्डात आणली, मोडली. माणसं मिळाली नाहीत. अशा होडीचा खिळाही दुसऱ्या होडीला लावत नाहीत, विकत नाहीत, जाळत नाहीत. जितकी माणसं तितक्या गाठी मारून ठेवून देतात. कारण माणसं कुठेही असली तरी आपल्या होडीकडेच परत येतात, आणि होडी म्हणजे त्यांना ते तांबंच.

होडीचं नाव मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“बाय माजे,” ते म्हणाले, “बोलावलंस तर नाय ना गो त्यांना?”

मी नाही म्हटलं नाही.

१९ मार्च

पत्रा काढायचा तर बोट पुन्हा जमिनीवर घ्यायला हवी. तेवढी भरती आता अमावस्येलाच, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी. बोट वर घेतली की दुरुस्ती, पुन्हा पाण्यात, पुढचं उधाण. मग पावसाळ्याआधी मालदीव गाठता येत नाही. म्हणजे जाणंच रद्द. काकांची चार वर्षांची तयारी. आर्यानं बारावीनंतर हेच एक मागितलं होतं.

आज काकांना संचाजवळ बसवलं. चार बत्तीसला त्यांना फक्त खरखर ऐकू आली. मला हाक ऐकू आली. काकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, मास्तरीणबाई, दोन दिवस झोप काढा.

गाठींबद्दल आजही सांगितलं नाही. मला भीती वाटते ती माझी चूक सांगायची, हाक मारणाऱ्यांची नाही. हे लिहून ठेवते.

२२ मार्च

नव्वद मैल. माणसं पाच.

संच न लावण्याचं ठरवलं होतं. चार बत्तीसला तो बंद असतानाच बोलला. वायर काढलेली होती. मी स्वतः काढली होती.

उत्तर दिलं. हाकेला उत्तर—

२४ मार्च

पाण्याची पिंपं, डबे, तांदूळ सगळं बोटीवर चढलं. पट्टी पाण्यावर दोन बोटं. बरोबर आहे, एवढ्या सामानाला एवढंच.

पन्नास मैल.

आज दुसराच आवाज होता. तरुण. त्यानं विचारलं, आई आहे काय धक्क्यावर? धाकूबाबांना सांगितलं. ते उठून शेडमागे गेले, बराच वेळ आले नाहीत.

२६ मार्च

आठ मैल. भाट्याचा किनारा दिसतोय म्हणाले. मी धक्क्यावर जाऊन पाहिलं. समुद्र मोकळा. एक होडी नाही.

२७ मार्च

जागा विचारली. त्यांनी सांगितली. रेडिओच्या वहीत माझ्याच बोटीची जागा लिहिली आहे, पहिल्या पानावर. तीच. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

बाहेर येऊन पट्टी पाहिली. पाण्याखाली. चार बोटं खाली. बोटीवर कुणी नाही. तळ उघडून पाहिला, थेंब पाणी नाही. सकाळी कुणी काही चढवलं का, तीनदा विचारलं. नाही.

पाच माणसांचं एवढं वजन होत नाही. नऊ वर्षं पाण्यात राहिलेल्या पाच माणसांचं होत असेल.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. गाठी, कापल्या त्या, ‘या’ म्हटलं ते. ते चिडले. माझ्यावर नाही, धाकूबाबांवर, की पोरीच्या डोक्यात काय भरवलंस. तीस तारखेला निघणार म्हणजे निघणार. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्याकडे पाहत राहिल्या.

२८ मार्च

पावणेचार. बोटीवर आहे. दोन कामं करायची आहेत. संचापासून तांब्याकडे जाणारी वायर आतून कापायची. आणि त्यांना खरं सांगायचं. त्यांना कुणी सांगितलंच नाहीये, असं वाटतं.

चार वीस. वायर कापली. हाताला ओली लागली. आत कुठेच पाणी नाही.

आर्या आली आहे. आपली पेटी घेऊन, गाणं म्हणत. आजच आपली झोपायची जागा लावून घेते म्हणाली. तिनं पाय ठेवला तेव्हा बोट हलली नाही. एवढीशी सुद्धा हलली नाही.

तिला शेडमधून पक्कड आणायला पाठवलं. पक्कड माझ्या खिशात होती. मी आजवर खोटं बोलले नव्हते. पेटीही तिच्या हातात दिली. वजन मोजायचंय, इथे नको, म्हटलं. दुसरं खोटं.

चार बत्तीस. सांगितलं. नऊ वर्षं झाली, होडी मोडली, ही तुमची होडी नाही, उतरा. त्या तरुणाची आई गेली, हेही सांगितलं. धाकूबाबांनी काल सांगितलं होतं. खरं ते सगळं सांगितलं.

संचाची खरखर थांबली.

मग तो तरुण आवाज. मग आता आम्ही कुठं जायचं? रेडिओतून नाही. माझ्या मागून.

चार एक्केचाळीस. बोट फिरते आहे. इंजिन बंद आहे. शीड गुंडाळलेलं आहे. दोर सोडलेले, आणि डेकवर वेटोळी करून नीट ठेवलेले. पाच वेटोळी. सवयीची माणसं ठेवतात तशी.

आर्या धक्क्यावर पळते आहे. हातात पक्कड. ओरडते आहे. धाकूबाबांनी तिला धरून ठेवलं आहे. घट्ट धरा. धाकूबाबा, घट्ट.

उडी— नाही. मागच्या बाजूला ते उभे आहेत. दिसत नाहीत. पण लाकूड ओलं होत चाललंय, पावलापावलानं, माझ्याकडे.

चार पन्नास. पूर्ण ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दिसतोय. त्यावर गुडघाभर पाणी. एवढी खाली बसलेली बोट इथून जाऊच शकत नाही.

जाते आहे. तळाला काही घासत नाही.

चार पंचावन्न. संच बोलतोय. पहिल्या दिवसाचा तो पुरुष कुणाला तरी खबर देतोय. पुढे कुणीतरी ऐकतंय. मी विचारायची तेच, त्याच क्रमानं.

बोट: भिंगरी.

जागा: दांड्याबाहेर, पश्चिमेला.

तिसरी गोष्ट त्यानं सांगितली. मी ऐकली. लिहीत नाही. जे लिहिलं नाही, ते ऐकलं नाही, बाबा म्हणतात. वही ओली होते आहे, पेन धरलेल्या हातावर कुणाचा तरी हात— लिहायला लावतोय— मी लिहीत ना

माणसं: