तृतीय पक्षाची हरकत नाही

१२ जानेवारी
परवाना कार्यालयाचं पत्र. माझं ड्रायव्हिंग लायसन्स ‘तात्पुरतं निलंबित’. कारण, एका नागरिकाची लेखी तक्रार. डोळे तपासून फेरचाचणी दिली की पुनर्विचार होईल म्हणे. छपाई इतकी फिकी की आमच्या यांच्याकडून वाचून घ्यावं लागलं. सरकारला शाईही परवडेनाशी झाली आहे.
चाचणी देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आयुष्यभर विमा कंपनीत मोटारीचे क्लेम तपासले. अपघातात चूक कुणाची, हे मी ठरवायचे. आता मी भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवू?
आधी त्या नागरिकाचं नाव हवं. संशयित एकच, समोरचा डेंटिस्ट. दिवाणखान्यातून त्याचं गेट दिसतं. मागे त्याच्या गेटच्या खांबाला माझ्या गाडीचा जरासा स्पर्श झाला होता. खांब मुळातच वाकडा होता. आता थोडा जास्त आहे, इतकंच.

१३ जानेवारी
माहिती अधिकारात अर्ज लिहिला. तक्रारदाराचं नाव आणि तक्रारीची प्रत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, वाक्य असं लिहा की समोरच्याला पळायला दार राहता कामा नये. माझ्या अर्जाला खिडकीसुद्धा नाही.
हे म्हणाले, त्यापेक्षा डोळे तपासून घे ना एकदा. मी म्हटलं, अहो, माझे डोळे कुठे पळून चाललेत? तक्रारदार पळेल. हे म्हणाले, तो कुठे जातोय.
अर्ज पोस्टात टाकायला हेच गेले. गाडीने सोडते म्हटलं. म्हणाले, पायी बरं असतं.

१७ जानेवारी
मुलीचा फोन. म्हणाली, आई, ज्याने तक्रार केली त्याचे पाय धरायला हवेत. डेंटिस्टने हिची दाढ फुकट भरून दिली होती, ते मिठाला जागणं चाललंय.
नात याही शनिवारी येणार नाही. तिला शाळेतून आणताना तो सायकलवाला मध्येच उगवला, त्याचं हे प्रायश्चित्त. मला दिसला नाही, कारण तो दिसेल अशा जागी नव्हता. कोपर खरचटलं त्याचं आणि रडली आमची नात. तेव्हा हे मागच्या सीटवर तिच्याजवळ होते. उतरून त्या माणसाची माफी मागून आले. चूक नसताना. यांचा स्वभावच तो.

१६ फेब्रुवारी
उत्तर आलं. ‘सदर माहिती या शाखेशी संबंधित नसल्याने आपला अर्ज तपासणी शाखेकडे वर्ग करण्यात येत आहे.’ फोन करून विचारलं, तपासणी शाखा कुठे आहे. बाई म्हणाल्या, ही काय, माझ्या समोरच्या टेबलावर. मग अर्ज हातात द्यायला महिना? म्हणाल्या, ते साहेब रजेवर होते ना, मॅडम.

९ मार्च
तपासणी शाखा. ‘मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने ती संकलित करणे शक्य नाही.’ नाव आणि आडनाव. विस्तृत.
मी क्लेम नाकारायचे तेव्हा निदान कारण पटेल असं द्यायचे.

११ मार्च
स्वतः गेले. गाडीने. निलंबन ‘तात्पुरतं’ आहे, म्हणजे फार गंभीर नाही. हे शेजारी बसले, खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. स्वतः कधी गाडी शिकले नाहीत, त्यामुळे नुसतं बसायलाही जमत नाही. वाटेत दोनदा म्हणाले, सिग्नल. मी म्हटलं, दिसतोय. दुसऱ्यांदा खरंच दिसला.
माहिती कक्षाच्या काचेला भोक कमरेच्या उंचीवर. बोलायचं तर आधी वाकायचं. कुणीतरी विचार करून पाडलेलं भोक आहे ते. आतला अधिकारी जेमतेम तिशीचा, टेबलावर तीन पंचिंग मशिनं आणि एकही कागद नाही. म्हणाला, मॅडम, तक्रारदार हा तृतीय पक्ष आहे. मी म्हटलं, पहिला पक्ष मी, दुसरे तुम्ही, आणि तिसऱ्याची एवढी काळजी? म्हणाला, नाव वगळून प्रत देतो.
यांना मी आत बोलावलं, साक्षीला. आलेच नाहीत. पूर्ण वेळ बाहेर नोटीस बोर्ड वाचत उभे.

२६ मार्च
प्रत आली. टाईप केलेली, आणि तिच्यावर काळा मार्कर असा फिरवलाय जणू रस्त्यावर डांबर ओतलंय. यांना वाचायला दिली तर म्हणाले, घसा बसलाय. भिंग घेऊन मीच बसले. दुपार गेली. उरलंय ते एवढं:
‘…सायकलवाल्याला तिने पाहिलंच…’
‘…नात मागे होती…’
‘…तिला तोंडावर सांगण्याची माझी हिंमत नाही…’
‘तिला’. मला एकेरी! या डेंटिस्टशी माझं ‘नमस्कार’च्या पुढे कधी बोलणं झालेलं नाही, आणि सरकारदरबारी हा मला अगं-तुगं करतो. शिवाय हिंमत नाही हे स्वतःच कबूल करतो. नात मागे होती हे त्याला कळलं कसं, तर पाळत. दुसरं काय.
अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा मसुदा लिहून ठेवला. कडक झालाय. फक्त नावाची जागा रिकामी आहे.
यांना वाचून दाखवला. म्हणाले, भाषा चांगली आहे.

२१ एप्रिल
नाव झाकल्याविरुद्ध केलेल्या अपिलाची सुनावणी. अपिलीय अधिकारी बाई निघाल्या. मला वाटलं, बाईला बाईचं कळेल. त्या सगळा वेळ पंख्याच्या वाऱ्याने उडणारे कागद दाबून धरत होत्या. म्हणाल्या, आम्ही तृतीय पक्षाला पत्र पाठवून विचारू, नाव दिलेलं चालेल का. हरकत घेतली तर देता येणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, आजी, फेरचाचणी देऊन टाका ना, दहा मिनिटांचं काम.
आजी. निकालपत्रात हा शब्द आला तर तेही आव्हान देण्याचा मुद्दा.
परतताना गाडी सुरू होईना. टो करून आणली. हे आनंदात दिसले.

२२ एप्रिल
आता सोपं आहे. डेंटिस्टला कार्यालयाचं रजिस्टर पत्र आलं की त्याची चोरी पकडली. खिडकीत खुर्ची टाकली आहे. पोस्टमन साडेअकराच्या सुमाराला येतो.

२ मे
पोस्टमन डेंटिस्टकडे थांबलाच नाही. सरळ आमच्याकडे. परवाना कार्यालयाचा शिक्का, रजिस्टर पत्र, आणि नाव यांचं!
बघा. अर्ज माझा, लायसन्स माझं, अपील माझं, आणि पत्र नवऱ्याच्या नावाने. बाईच्या नावावर पत्र लिहिताना कार्यालयाच्या कारकुनांचा हात लुळा पडतो.
मी विचारलं, काय म्हणतात? यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाले, विचारतायत, तुला माहिती दिली तर माझी काही हरकत आहे का.
नवऱ्याची परवानगी! कोणत्या काळात राहतात हे लोक? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता लिहून द्या. हे म्हणाले, अगं, राहू दे ना. तुला खरंच कळायला हवंय? मी म्हटलं, जन्मभर तुमचं हे ‘राहू दे’ ऐकत आले. आज नाही.
समोर बसवलं. मी सांगितलं, यांनी लिहिलं. ‘माझी काहीही हरकत नाही.’ ‘काहीही’खाली रेघ मारायला लावली. सही करताना म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, अहो, सही करताय की खाली उडी मारताय?
पाकीट टाकायलाही स्वतःच गेले. परत यायला संध्याकाळ झाली. कुठे होतात म्हटलं, तर म्हणे बाकावर.

३ मे
नवऱ्याची परवानगी मागितल्याबद्दल कार्यालयाविरुद्ध वेगळी तक्रार लिहिली. तीन पानी. नाव आलं की नोटीस आणि ही एकदमच पाठवीन.

१९ मे
कार्यालयाचं उत्तर आलं. पुन्हा तीच मेलेली शाई. यांना म्हटलं, वाचा. आज घसा बसलेला नव्हता.
चष्मा लावला आणि वाचलं. ‘तृतीय पक्षाने लेखी कळविले आहे की त्यांची काहीही हरकत नाही. सबब माहिती खालीलप्रमाणे.’ मग नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग आमचा पत्ता, पिनकोडसकट. ‘अर्जदाराशी नाते: पती.’ वीजबिल वाचतात त्याच आवाजात. खाली अधिकाऱ्याची सही आहे तेही वाचलं.
मग कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, चहा टाकू का.

२० मे
नोटिशीत नावाची जागा अजून रिकामी आहे.
या उत्तरात दोष शोधला. नाव पूर्ण आहे. पत्ता बरोबर आहे. पहिल्यांदाच मुदतीच्या आत आलंय. अपिलाला जागा नाही.

२७ मे
आठवडाभर बोलणं नाही. म्हणजे माझं. यांचं नेहमीइतकंच होतं. समोरचा डेंटिस्ट फाटकात भेटला, म्हणाला, नमस्कार, बऱ्याच दिवसांत गाडी दिसली नाही. अहो-जाहो करतो. पहिल्यापासून करत होता.

२ जून
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन्हीकडे मोतीबिंदू, डावा पिकलेला. म्हणाला, इतके महिने काय करत होतात? मी म्हटलं, पत्रव्यवहार.
येताना बसने आलो. ड्रायव्हर अगदीच बेदरकार. क्लेममध्ये मी याला एका मिनिटात दोषी धरलं असतं. वळणावर बस अशी कलली की उभी माणसं एकमेकांवर पडली. आमच्या डोक्यावर धरायला दांडी होती. हे खिडकीबाहेर बघत निवांत बसले होते. दोन्ही हात मांडीवर.