पाच बटणांची गिटार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा बरे आहेत. झटक्यानंतर माझ्याकडे आले तेव्हापेक्षा पुष्कळच बरे. डावा हात अजून जड आहे, पण त्यातच एक गंमत झाली. ह्यांनी टीव्हीला जोडायचा गाण्यांचा खेळ आणलाय. त्यासोबत प्लॅस्टिकची गिटार येते. तारा नाहीत, दांड्यावर पाच रंगीत बटणं. पडद्यावर त्याच रंगांच्या टिकल्या सरकत येतात. टिकली रेषेवर आली की बटण दाबायचं. चुकलं की गाणं अडखळतं आणि पडद्यावरचे लोक हुर्यो उडवतात.

जन्मभर वाद्यवृंदात खरी गिटार वाजवलेला माणूस नाक मुरडणार, असं मला वाटलं होतं. पण परवा चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी आले, तर बाबाच ती मांडीवर घेऊन बसलेले. तारा आता त्यांच्या बोटांना दबत नाहीत, ही बटणं दबतात. रोज संध्याकाळी आमची जोडी जमते. काल मी अख्खं गाणं न चुकता वाजवलं, तर चक्क "वाहवा" म्हणाले. मला, जिला तुम्ही दोघांनी मिळून बेसूर ठरवलं होतं.

तुझ्या गिटारच्या शिकवण्या कशा चालल्यात? लोभ ठेव, आणि हसू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ११ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हसले नाही.

शिकवण्यांचं विचारलंस म्हणून सांगते. अकरा मुलींपैकी चार उरल्यात. बाकीच्या घरी बसून तुझ्यासारख्याच टिकल्या दाबतात. एकीची आई तोंडावर सांगून गेली की त्या खेळात पोरीला आठवड्यात जमलं, इथे वर्षभर नुसती बोटं सोलली. माझीही सोललीत. सातव्या वर्षापासून बाबांसमोर बसत आले. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले की दुसऱ्या गाण्यात घाई केलीस. वाहवा हा शब्द त्यांना येतो, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तू चार दिवस खेळणं बडवलंस आणि तो शब्द घेऊन मोकळी झालीस. जळफळाट म्हण हवं तर. तो खोका परत कर आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करून घे. नाहीतर बाबांना माझ्याकडे पाठव. इथे निदान वाद्यं खरी आहेत.

लोभ आहे. सध्या फुगून बसलाय.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. खोका परत जाणार नाही. व्यायामाचा चेंडू बाबा कोपऱ्यात भिरकावतात, ही गिटार मात्र मागून घेतात. डॉक्टरही म्हणाले, चालू द्या.

आणि हेवा काय, तो मी तुझ्याआधीपासून करत आलेय. तुम्ही दोघं दार लावून रियाझ करायचात, मी बाहेर फरशीवर गृहपाठ घेऊन बसायची. दार उघडलं की तू रडवेली दिसायचीस, तरी मला तुझ्याच जागी बसायचं असायचं.

एक गोष्ट मी लपवली. बाबा नुसतं वाहवा म्हणाले नव्हते. म्हणाले, "वाहवा, थोरले. आज घाई केली नाहीस." हल्ली संध्याकाळ झाली की त्यांची गल्लत होते. माझ्या हातात गिटार आली की मी त्यांना तू वाटते. मी दुरुस्त करत नाही. केलं तर ते थांबतील, अशी भीती वाटते.

तो शब्द तुझा होता. मी ठेवून घेतला होता. राग धरू नकोस, असं म्हणायचंही तोंड नाही मला.

धाकटी

ता. १८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वर्गात उघडलं, हे चुकलंच. मुलींना वाजवत राहा म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. बाबांना न्यायला नाही. माझा जळफळाट मिटलाय असं समजू नकोस, उलट वाढलाय. इतकी वर्षं त्यांच्यासमोर मी होते, तेव्हा ते बोलले नाहीत. आता बोलतात, तर समोर तू असतेस. पण माझ्या नावाने रोज त्यांच्यापाशी बसणारी तूच आहेस, हेही मला दिसतं.

मी आले तरी त्यांना काही समजावू नकोस. तू नेहमीसारखी वाजव, मी शेजारी बसेन. त्यांनी थोरलीला हाक मारली, तर ओ तूच दे. मी गप्प राहायचा प्रयत्न करीन.

लोभ असू दे. आजवर तो मला मागावा लागला नव्हता.

तुझी,
ताई