पहिली दहा मिनिटं

मी, शिवराज धोंडीराम गळवे, वय सव्वीस, शिक्षण आठवी नापास, मूळ राहणार खरसुंडी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, हल्ली मुक्काम मुऐदर, कतार, कामधंदा हमद पोर्टजवळच्या कोल्ड स्टोअरात फोर्कलिफ्ट चालवणे, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि कुणी धाक दाखवून हे लिहून घेतलेलं नाही. कायद्याचे शब्द आमच्या खोलीतले शफीकभाई सांगतात. ते रत्नागिरीचे, एका ऑफिसात क्लार्क आहेत. बाकीचं सगळं माझं.

सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, तर आईनं सांगितलं म्हणून.

गेल्या शुक्रवारी फोनवर तिला सांगितलं की कंपनी मला दोन वर्षांसाठी फिनलंडला पाठवतेय, तिथल्या गोदामात. गेल्या हिवाळ्यात तीन महिने होतो तिथेच. ती म्हणाली, "गेल्या बारीला मरता मरता वाचलास, त्येनं पोट भरलं न्हाय व्हय?" मी म्हटलं, "आई, येतो मी." आमच्या घरात निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मग आई हातावर दही घालते आणि म्हणते, "जाऊन ये." अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढं ऐकेपर्यंत सायकल धरून दारात उभे राहायचे. मीही त्याशिवाय कधी बाहेर पडलो नाही, कतारलासुद्धा नाही. पण या वेळी आई म्हणाली, "जायाचंच आसंल तर मृत्युपत्र करून जा," आणि फोन ठेवला.

येत्या रविवारी ऑफिसला हो किंवा नाही सांगायचंय. आईच्या तोंडून ते दोन शब्द आले नाहीत तर मी नाही म्हणणार आहे. म्हणून हे लिहितोय.

कलम १. खरसुंडीतलं दोन खोल्यांचं घर. त्यातला माझा जो काही हिस्सा असेल तो आई केसरबाई हिचा. ती आहे तोवर कुणी विकू नये, भाड्यानं देऊ नये, आणि पुढच्या अंगणात पत्र्याची शेड मारू नये. हे शेवटचं दाजींसाठी. त्यांना कळेल.

कलम २. बँकेत जे असेल ते अर्धं आईला, अर्धं बबीताताईला. ताई माझी थोरली बहीण. या कागदाप्रमाणे सगळं करायची जबाबदारी तिचीच, कारण घरात फॉर्म भरता येतो तो तिलाच.

कलम ३. अण्णांची गारेगारची पेटी. अण्णा सायकलला ही लाकडी पेटी बांधून आठवडी बाजारात बर्फाच्या कांड्या विकायचे. भर उन्हात ते कधी बसले नाहीत. म्हणायचे, बसलं की ऊन लागतं. पेटी ताईच्या मुलाला द्यावी. तिच्यात कांदे ठेवू नयेत.

इथे उठलो होतो. मला बसून लिहायला जमत नाही. गच्चीवर चार फेऱ्या मारून आलो. कौशिक म्हणाला, "अरे मरणार तू की आम्ही? एका जागी बस की." कौशिक म्हणजे माझ्यासोबत फोर्कलिफ्ट चालवणारा.

कलम ४. हे वाटणीचं कलम नाही. पण आईच्या डोक्यात माझ्या मरणाचं जे कारण बसलंय, ते खोडून ठेवणं भाग आहे.

आमच्या फ्रीझरचा आकडा उणे बावीस. फिनलंडमधल्या त्या ओउलु गावात जानेवारीत उघड्या रस्त्यावर तोच आकडा होता. इथे त्या आकड्यात आम्ही पगारासाठी शिरतो आणि वीस मिनिटांत पळत बाहेर येतो. बाहेर आलो की उन्हाळ्यात सेहेचाळीस. पाच वर्षं मी एका दारातून दुसऱ्या दारात जगतोय. दारापासून बसपर्यंत, बसपासून खाटेपर्यंत. आणि तिथे बघतो तर त्याच उणे बावीसमध्ये बायका सायकलवरून भाजी आणतायत, तान्ही पोरं गाडीत गुंडाळून अंगणात झोपवलीयत, आणि समुद्र गोठलाय तर लोक त्यावर स्की बांधून फिरायला चाललेत. मला वाटलं, अरे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

गोदामाच्या गेटवर एक सत्तरीच्या आजी होत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी मला स्की दिल्या आणि समुद्रावर नेलं. मी निघालो आमच्या पद्धतीनं. कतारच्या फ्रीझरात रहमान फोरमननं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आत जाताना कातडं दिसता कामा नये. दोन बनियन, स्वेटर, फ्रीझर सूट, चेन गळ्यापर्यंत. आजींनी खुणेनं सांगितलं, एवढं नको. मी हसलो. उणे बावीसमधला मी जुना माणूस ना.

पण फ्रीझरमध्ये माणूस यंत्रावर बसून असतो, आणि तिथे चालायचं होतं. एक किलोमीटरमध्ये आतून घामानं भिजलो. थांबलो आणि आईला समुद्र दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. थांबलो तीच चूक. घाम अंगावरच गार पडला. दात वाजायला लागले. आईला माझ्या पांढऱ्या भुवया दिसल्या, हातातून फोन पडलेला दिसला, आणि थंडीनं फोनच बंद पडला.

पुढचे पाच तास आई देवळाच्या पायरीवर बसून होती. ते मला नंतर कळलं.

त्या पाच तासांत काय झालं ते आई, नीट वाच. आजींनी तिथेच माझी चेन उघडली, ओलं सगळं काढायला लावलं, आपल्या पिशवीतलं कोरडं लोकरी बनियन घातलं आणि मला दामटत किनाऱ्यापर्यंत चालवलं. बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आजी दारात पुन्हा हजर. या वेळी माझ्या अंगावर फक्त एक लोकरी बनियन आणि पातळ जॅकेट. निघताना मी कुडकुडत होतो. त्यांनी दहा बोटं दाखवली, म्हणजे दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला माझ्या कानातून वाफ निघत होती! त्यानंतर अडुसष्ट दिवस मी रोज कामाआधी गेलो. एक दिवस चुकवला नाही. आयुष्यात शाळेसकट कशालाच मी इतका नियमानं गेलो नव्हतो.

परत आलो तेव्हापासून मी खाटेवर मावत नाही. फ्रीझरच्या दोन दारांमधल्या खोलीत उठाबशा काढतो. पोरं म्हणतात, यल्ला पैलवान, म्हणजे चल पैलवान. शुक्रवारी बस धरून अल रुवैसला जातो आणि किनाऱ्यानं उन्हातच चालतो. अण्णांसारखा, न बसता. तरी ते तिथलं चालणं नव्हे.

कलम ५. स्कीचे बूट आणि लोकरी टोपी कौशिकला. त्याचं माप लहान आहे, दोन मोजे घालावेत. आजींचं लोकरी बनियन आजींना परत पाठवावं.

कलम ६. दाजींनी ताईच्या नणंदेच्या लग्नात मला "फ्रीजमधला मटार" म्हटलं होतं. सगळे हसले, मीही हसलो. ते माफ. शेडचं माफ नाही.

कलम ७. तिकडे मेलो तर मला पेटीत गोठवून आणू नये. तेवढं एकदा अंग मोकळं असू दे. तिथेच जाळावं आणि राख अल्लद आईच्या हातात द्यावी.

एवढं लिहून सही करायच्या आधी आईला फोन केला.

"लिवलंस?"

"लिहिलं."

"वाच."

सगळं वाचलं. गच्चीत येरझाऱ्या घालत वाचलं. कलम तीनला ती म्हणाली, "कांदं काढले काल." कलम सहाला म्हणाली, "सगळी हसली, मी न्हवते हसले." कलम सातला म्हणाली, "त्ये खोड." खोडलं नाही, पण रेघ मारल्याचा आवाज केला. मग ती परत कलम चारवर आली.

"शिवा, पयली धा मिंटं थंडी वाजती म्हंतोस."

"हो."

"आन् मग?"

"मग नाही वाजत."

"तुझ्या अण्णांचं बी तसंच. पयल्या चढाला शिव्या, मग गाणं." स्वयंपाकघरात भांडं वाजलं. "दही हाय माझ्या हातात. तुझ्या हातावर कसं घालू, तूच सांग."

मी हात पुढे केला. फोनसमोर, मोकळाच. शफीकभाई बघत होते, कौशिक बघत होता.

"जाऊन ये," आई म्हणाली. "आन् त्या म्हातारीला सांग, येकदा फोन बंद पडला, पुन्हा नको."

तरी हे मृत्युपत्र मी रद्द करत नाही. आईनं सांगितलेलं काम आहे, पुरं केलंय. सातवं कलम मात्र आता खरंच खोडलं.

लिहून ठेवणार: शिवराज धोंडीराम गळवे (सही)

आमच्यासमोर शिवराजनं सही केली, उभ्यानंच:
१. शफीक, मूळ रत्नागिरी (सही)
२. कौशिक (सही. बुटांचं मी मागितलं नव्हतं. शफीकभाई म्हणतात, साक्षीदाराला काही घेता येत नाही. तर बूट शिवाकडेच राहू देत, लागतील त्याला.)

ठिकाण: मुऐदर, कतार
तारीख: २४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार