फळीची मागची बाजू

१ फेब्रुवारी ७६, रविवार
शेवटी सोळावर जुळलं! महिनाभर वायर अँप्लिफायरच्या चार ओहमला लावून बसलो होतो आणि आवाज पातळ म्हणून शिव्या स्पीकरला. हा तंबूच्या टॉकीजमधला जुना, सोळा ओहमचा. आतल्या शंकूचा कागद मऊ, पेटीत कोंडायचा नव्हेच. अँप्लिफायर दिगू पाटलाचा, व्हॉल्व्हचा; गाण्याच्या रेकॉर्डीही त्याच्याच. स्पीकर माझा, तो बसवलेली फळी आमच्या जुन्या घराच्या दाराची. दिगूच्या अंगणाच्या फाटकात उभी केलीय. मागून उघडी, म्हणून आवाज दोन्हीकडे. पुढे अंगणात पाटलांची मंडळी, मागे गल्लीत आमची बौद्ध वस्ती. आईला ऐकायला कमी येतं. बस्कर टाकून मागे बसली होती. म्हणाली, "बाई समोर बसून गायलीय की रे!"

४ फेब्रु., बुध.
मधल्या सुट्टीत दिगू मी शिकवतो त्या शाळेत आला. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही. आमच्या घरात बसून आईच्या हातचा चहा पिणारा पाटलांतला तो एकटाच. ढोलकीचा ठोका दमदार का येत नाही, विचारत होता. कागदावर काढून दाखवलं. मागचा आवाज फळीच्या कडेने पुढे येतो नि पुढच्याला खातो, म्हणून फळी रुंद हवी. दोनदा समजून घेतलं त्याने, कागदही मागून घेतला. बरं वाटलं. या गावात मला असलं कोण विचारतं!

८ फेब्रु., रवि.
दिगूचे काका आले होते. गाण्याकडे लक्षच नाही, फळीच्या कडेवरून गल्लीत बघत होते. "मागं लय गर्दी व्हायलीय." एवढंच बोलले. दिगू हसला. मीही हसलो, कशाला कोण जाणे.

१२ फेब्रु.
पिंगळीहून गाडीने परभणी, व्हॉल्व्ह आणायला. परत आलो तर दिगूच्या अंगणात सुतार. "मागून पेटी करायलोय. दिगंबररावांनी सांगितलंय." दिगू शेतात गेला म्हणे. या वेळी? व्हॉल्व्ह ठेवून आलो. मनात नको ते...

१५ फेब्रु., रवि.
फळीला मागून पेटी बसवली. सगळं अंगणात आत घेतलं आणि फाटक लावलं. दिगू पाहुण्यांना माझाच कागद दाखवत होता. "मास्तरच म्हणले, मागचा आवाज पुढच्याला खातो." मास्तर! जन्मभर वामन होतो.
वळसा घालून गल्लीत गेलो. आई बस्करावर बसलेली, तोंड बंद फाटकाकडे. "लाइट गेली का रे?"
हो म्हणालो. बाकीच्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. आतून गाणं त्यांना ऐकू येत होतं.

१६ फेब्रु.
केसाने गळा कापला. तोही माझ्याच कागदाने. कागदात खोटं काही नव्हतं, याचाच जास्त त्रास होतोय.
पण काल तो आवाज! रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. असला स्पीकर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला आवरत नाही, कोंडला की घुमणारच. आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

१८ फेब्रु., बुध.
एस.टी. थांब्यावर दिगूला गाठलं.
"विज्ञान हाय ते, वामन. तूच सांगितलं की."
"मग फाटक का लावलं?"
"काकांचं तुला ठाऊक हाय." मग आवाज खाली आणून, "तुझ्या आईला आत बोलवतो ना. एकटीला. बसंल कोपऱ्यात."
पालमची गाडी आली. मला जायचं होतं, तशीच जाऊ दिली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हा उपकार कुठे ठेवू?

२२ फेब्रु., रवि.
दुपारी दिगू वस्तीच्या तोंडाशी आला. आत आला नाही. "आवाज लय घुमायलाय. आज पाहुणे हायत. एकदा येऊन जुळवून दे." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.
आईने बस्कर झटकून दारात ठेवलंय. "आज तरी लाइट हाय का?" मग तीच म्हणाली, "गेल्या बारीला गेलीच न्हवती. घराघरात दिवे व्हते. मला ऐकू कमी येतंय, दिसतंय चांगलं. तू सांगितलं म्हणून मानलं."
मला रडू आलं. आतल्या खोलीत जाऊन पेचकस खिशात घातला.
पेटीला सहा स्क्रू, स्पीकरला आठ. पेटी काढली तर ते पुन्हा लावतील. स्पीकर काढला तर कुणालाच काही नाही, आईलाही नाही. यातले कुठले काढायचे, ते अजून...
"फळी आपल्या दाराची हाय, इसरू नको," आई म्हणतेय. चप्पल घालून, बस्कर काखेत धरून उभी आहे.